खोबऱ्याची वाटी, कापूर आणि पारा: घरातल्या वस्तूंचा धोका कशावरून ठरतो

प्रश्न असा आहे: लेकीकडे परदेशी जाताना विमानतळावर बॅग उघडायला लावली. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, कापराची पुडी आणि डबी नसलेला पाऱ्याचा थर्मामीटर काढून ठेवला. पॉवर बँक हातातल्या पिशवीत घ्यायला सांगितली. खोबरं धोकादायक कसं? आणि घरात ॲसिडची बाटली, धान्यातल्या गोळ्या, फवारणीचं औषध असतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. हे वर्ग कोण ठरवतं आणि कशावरून?

ताई, मी सव्वीस वर्षं रसायन कारखान्यांमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं, आणि त्यातली बरीच वर्षं टँकरचालक व गोदामातल्या माणसांना शिकवण्यात गेली. पहिल्या तासाला मी टेबलावर काय ठेवतो सांगू? खोबऱ्याची वाटी. कारण ‘धोकादायक म्हणजे विषारी’ हा समज डोक्यातून निघाल्याशिवाय पुढचं काही कळत नाही, आणि तो काढायला खोबऱ्याइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. ते पुरतं वाळलेलं नसेल तर आत बुरशी लागते, बुरशीमुळे ऊब तयार होते, आणि ऊब मिळाली की तेलाचा हवेशी संयोग वेगाने व्हायला लागतो. त्यातून आणखी ऊब. एक वाटी ताटात ठेवली तर ही ऊब हवेत निघून जाते. पोत्यावर पोतं रचलं तर ती बाहेर पडत नाही, आतल्या आत साठते. आपल्याकडे ओला कडबा गंजीत रचला की चार दिवसांनी हात घातल्यावर चटका बसतो, तोच प्रकार. काडी न लावता पेटणारा माल म्हणून जहाजांच्या जमान्यापासून खोबऱ्याची ख्याती आहे. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला, यूएन १३६३, आणि वर्ग मिळाला ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ. तुमच्या दोन वाट्यांनी विमान पेटलं असतं असं नाही. पण विमानाच्या पोटात बंद बॅगा एकमेकींवर रचलेल्या असतात, तिथे जाऊन कोणाला बघता येत नाही, आणि कोणाच्या बॅगेत दोन वाट्या आहेत आणि कोणाच्या बॅगेत दहा किलो, हे दर वेळी तोलत बसता येत नाही.

मग वर्ग ठरवताना विचारतात ते हेच: ही वस्तू कशाने बिघडते? ठिणगीने, उन्हाने, पाण्याने, नुसत्या हवेने, की शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या वस्तूने? आणि बिघडली तर माणसाला कुठल्या वाटेने गाठते? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ साली या पद्धतीच्या पहिल्या शिफारशी काढल्या. रस्ता, रेल्वे, जहाज, विमान या सगळ्यांचे नियम आज त्याच पायावर उभे आहेत. वर्ग नऊ आहेत. पहिला स्फोटकांचा, त्यात फटाकेही आले. दुसरा दाबाखालच्या वायूंचा: घरचा गॅस सिलिंडर, आणि हो, डिओडरंटचा डबासुद्धा, कारण त्यातला सुगंध बाहेर ढकलणारा वायू बहुतेक वेळा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद असतो. तिसरा पेट घेणाऱ्या द्रवांचा: पेट्रोल, टर्पेंटाइन, नेलपॉलिश, सॅनिटायझर. चौथ्याचे तीन भाग आहेत. ४.१ मध्ये सहज पेटणारे घन पदार्थ, तिथे तुमचा कापूर बसतो आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही, ४.२ मध्ये खोबरं, ४.३ मध्ये पाणी लागलं की पेटणारा वायू सोडणारे. पाचवा ऑक्सिजन पुरवून दुसऱ्याची आग भडकवणाऱ्यांचा, उदाहरणार्थ ब्लीचिंग पावडर, पोटॅशियम परमँगनेट. सहावा विषांचा आणि रोगजंतूंचा, सातवा किरणोत्सारी पदार्थांचा, आठवा कातडी आणि धातू खाणाऱ्यांचा, नववा उरलेल्या सगळ्यांचा. क्रमांक धोक्याच्या क्रमाने लावलेले नाहीत, हे नीट लक्षात घ्या. नववा वर्ग पहिल्यापेक्षा सौम्य, असं अजिबात नाही. तुमची पॉवर बँक नवव्यातली आहे.

प्रत्येक वर्गाच्या आत पायऱ्या असतात, आणि त्या मोजून ठरतात. पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही तिसऱ्या वर्गातले, पण दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक. फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवाची वाफ किती तापमानाला इतकी जमते, की ठिणगी दाखवली तर ती पेट घेते, ते तापमान. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास असतो. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा उघड्या पेट्रोलवर पेटायला तयार वाफ असतेच. रॉकेलचा ३५ अंशांच्या वर. सत्तर टक्के अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा वीस अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ हाताला लावलेलं सॅनिटायझर पेटण्याच्या अवस्थेतच असतं. ते लावून लगेच निरांजन पेटवू नका, हे मी घरोघर सांगत असतो.

आता ‘कोण ठरवतं’ याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे, कारण एकच वस्तू वेगवेगळ्या माणसांच्या दारात वेगळी ओळख घेऊन उभी राहते. पेट्रोलियमच्या साठ्याचे परवाने देणारी संस्था, जिला सगळे ‘पेसो’ म्हणतात, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तिच्या नियमांत फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली असेल तर ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ ‘ब’, ६५ ते ९३ ‘क’. वाहतुकीच्या जागतिक नियमात तिसरा वर्ग साधारण ६० अंशांपाशी संपतो. म्हणजे ६२ अंशांचा एखादा द्रव नागपूरच्या लेखी ‘ब’ वर्गाचा आणि जहाजाच्या लेखी बहुधा तिसऱ्या वर्गात नाहीच. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाला टाकी वर्षानुवर्षं सांभाळायची असते, दुसऱ्याला माल बंदरातून बंदरात न्यायचा असतो.

तुमच्या पाऱ्याकडे बघा. डॉक्टरला विचाराल तर पारा म्हणजे विष. वाहतुकीच्या यादीत मात्र त्याचा मुख्य वर्ग आठवा, म्हणजे खाणारा, आणि विषारीपणा हा उपधोका. असं का? पारा ॲल्युमिनियमला लागला की त्याच्यावरचा संरक्षक थर टिकू देत नाही आणि धातू आतून पोखरत जातो. विमानाचा सांगाडा बऱ्याच अंशी ॲल्युमिनियमचा असतो. थर्मामीटर फुटून ते चार थेंब सांध्यात उतरले तर वरून काही दिसणार नाही. डबीत नीट बंद केलेला एक थर्मामीटर विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत चालतो. तुमचा नुसता कपड्यांत गुंडाळलेला होता, तिथे अडलं.

पॉवर बँकेचा न्याय याच्या बरोबर उलटा, ती सामानात नाही पण हातात चालते. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते, आणि ही आग विमानाच्या पोटातल्या आग विझवणाऱ्या वायूने पुरती थांबत नाही. केबिनमध्ये धूर निघाला तर निदान कोणाला तरी दिसतो, पाणी ओतून ती थंड करता येते. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, आणि हा हिशोब घरी करता येतो. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास; त्याला ३.७ व्होल्टने गुणलं की ७४. चालेल. २७,००० च्या पुढे गेलात की शंभरी ओलांडलीत, मग १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. नव्या मोबाइलचं खोकं पार्सलमधून आलं असेल तर बाहेर लाल तिरप्या रेघांची चौकट आणि आत ‘यूएन ३४८१’ असं लिहिलेलं बऱ्याचदा सापडेल. उपकरणासोबत किंवा उपकरणात बसवलेली लिथियम-आयन बॅटरी, असा त्याचा अर्थ.

मग दुकानात हे सगळं उघड्यावर कसं विकतात? कारण नियमात प्रमाणालाही किंमत आहे. वाहतुकीत ‘मर्यादित प्रमाण’ नावाची सवलत असते: लहान बाटली, मजबूत खोकं, ठरलेल्या वजनाच्या आत. अशा खोक्यावर एक शंकरपाळ्यासारखी चौकट दिसते, वरचं आणि खालचं टोक काळं, मधला भाग पांढरा. तुमच्या बॅगेतलं अत्तर, डिओडरंट चाललं तेही प्रमाणामुळेच. अशा वस्तूंना एकेका नगाला अर्धा लिटर आणि माणशी एकूण दोन लिटरची मुभा असते. म्हणून दुकानातली बाटली बिनधोक समजू नका. धोका तोच असतो, फक्त तो एका बाटलीपुरता बांधून ठेवलेला असतो.

शेतातल्या औषधांचं गणित आणखी वेगळं, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण गावाकडे माणसं याच गणितात मरतात. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग बघायचा. लाल म्हणजे अति विषारी: तोंडावाटे एलडी-५० चं मोजमाप १ ते ५०. पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५,०००, हिरवा त्याच्या पुढे. हा आकडा म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम दिल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात. आकडा लहान तितकं विष कडक. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून शिबिरात मी तो तीनदा फळ्यावर लिहितो.

गोम अशी की लोक हिरवा रंग पाहून ‘हे साधं’ म्हणतात, आणि पिवळा पाहून ‘लाल नाही ना?’ म्हणतात. पिवळ्यावरसुद्धा ‘विष’ हाच शब्द छापलेला असतो. वाहतुकीच्या नियमात तोंडावाटे विषारीपणाची मर्यादा ३०० ला संपते. म्हणजे आकडा ४०० असलेलं औषध केवळ या मोजमापाने ट्रकवर विष म्हणून धरलं जाणार नाही, पण शेतात त्याच डब्यावर ‘विष’ लिहिलेलं असतं. दोन नियमांत फरक आहे तो माणसामुळे. ट्रकमधला डबा बंद असतो. शेतात तो उघडला जातो, पाण्यात ढवळला जातो, पाठीवरच्या पंपातून वाऱ्यावर सोडला जातो आणि घामाने ओल्या अंगावर परत येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. तोंडावाटे कोणी औषध घेतलं नव्हतं. कातडीतून आणि श्वासातून गेलं होतं, आणि रंगाचा त्रिकोण वाऱ्याची दिशा, माणसाचं उघडं अंग, एकाच टाकीत कालवलेली दोन-तीन औषधं यांबद्दल काही सांगत नाही. आणखी एक: ज्या औषधाच्या नावापुढे ‘ईसी’ असतं, त्यात विषाबरोबर पेट घेणारं द्रावकही असू शकतं. त्याचा रंग त्या चौकोनात नाही. म्हणून ती बाटली चुलीजवळच्या फळीवर कधीही नको.

ताई, तुमच्या पत्रातलं ‘धान्यातल्या गोळ्या’ वाचून मात्र माझं काळीज हललं. कडुलिंबाचा पाला, गव्हाला चोळलेलं एरंडेल हे तुम्ही म्हणत असाल तर प्रश्न नाही. पण करड्या रंगाच्या, साधारण ३ ग्रॅमच्या, हवाबंद नळीत मिळणाऱ्या गोळ्या म्हणत असाल तर त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या आहेत. त्यांचा वर्ग ४.३, उपधोका ६.१. हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. तो हवेपेक्षा थोडा जड असतो, फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. डॉक्टर फक्त शरीराला टेकू देत राहतात. कधी लसणासारखा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वासाच्या भरवशावर राहू नका. ही गोळी गोदामासाठी आहे, प्रशिक्षित माणसाच्या हातात, दारं बंद करून आणि आत कोणी नसताना वापरायची. ज्या घरात माणसं झोपतात तिथे कोठीत एकसुद्धा नको. वाहतुकीचा वर्ग ‘पाणी लागू देऊ नका’ म्हणतो ते वाचून लोक म्हणतात, कोरडीच तर ठेवलीये. अहो, कोकणातच काय, पुण्यातसुद्धा पावसाळ्यातल्या हवेला कोरडं कोण म्हणेल? तुमच्याकडे अशा गोळ्या असतील तर त्यांच्यावर पाणी टाकू नका, कचऱ्यात फेकू नका, मोरीत तर मुळीच सोडू नका. खोली उघडी करा, माणसं बाहेर काढा आणि परवानाधारक कीटकनियंत्रण करणाऱ्याला किंवा अग्निशमन दलाला बोलवा.

वर्ग समजल्याचा खरा उपयोग शेजार ठरवताना होतो. काडेपेटी हातात घेऊन बघा. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, म्हणजे ऑक्सिजन पुरवणारा. बाजूच्या काळपट पट्टीवर तांबडा फॉस्फरस. दोन्ही एका गुलात कालवले तर नुसत्या घासाघाशीने खिशात भडका उडेल. एकाला काडीवर आणि दुसऱ्याला पट्टीवर बसवलं, एवढ्या अंतराने ती ‘सेफ्टी’ काडेपेटी झाली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज पेटलं आणि फुटलं, तेव्हा त्याच्या पोटात स्फोटकं होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही. कापूस धुमसत राहिला, आच स्फोटकांपर्यंत पोहोचली. त्यात अग्निशमन दलाचे जे जवान गेले त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्याच्या गोदामात पावसाळ्यात छपराचा पत्रा गळत होता, म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने ब्लीचिंग पावडरची पोती उचलून कोरड्या कोपऱ्यात ठेवली. तो कोपरा देखभाल खात्याचा होता. तिथे तेलाने माखलेल्या कॉटन वेस्टचा, म्हणजे यंत्रं पुसायच्या चिंध्यांचा, ढीग होता. दोन्ही मालांची लेबलं बरोबर होती, नोंदवहीत दोन्हींचे वर्ग बरोबर लिहिलेले होते. रात्री अडीचला पहाऱ्यावरच्या माणसाला क्लोरीनचा वास आला, पाठोपाठ धूर. आग लहानच होती, पण तो माणूस आठ दिवस इस्पितळात होता. मी दुसऱ्या दिवशी तिथे उभा राहिलो तेव्हा जमिनीवर जळक्या डागाची कड दिसत होती: पोतं जिथे चिंध्यांना टेकलं होतं, बरोबर तिथून सुरू झालेली. तेव्हापासून मी कुठलीही यादी बघताना आधी ‘काय आहे’ बघत नाही, ‘कशाच्या शेजारी आहे’ ते बघतो.

तुमच्या घरात हाच खेळ संडास-बाथरूमच्या फळीवर चालतो. टॉयलेट क्लीनर बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिडचा, आणि कपडे-फरशीचं ब्लीच सोडियम हायपोक्लोराइटचं. दोन्ही एकट्याने ठीक. दिवाळीच्या साफसफाईत ‘दोन्ही टाकले की दुप्पट स्वच्छ’ म्हणून एकत्र ओतले की क्लोरीन सुटतो, आणि तो हवेच्या अडीच पट जड असल्याने वाकून घासणाऱ्या बाईच्या तोंडापाशीच साचतो. ती बाई बहुतेक वेळा पगारी मदतनीस असते आणि बाटलीवरचं इंग्रजी तिला वाचता येत नाही. या दोन बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा आणि तिला तोंडी सांगा. इन्व्हर्टरची बॅटरीही अशीच दुहेरी: आत सल्फ्युरिक ॲसिड, म्हणून आठवा वर्ग, पण चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिच्या डोक्यावर देव्हारा नको.

रस्त्यावर टँकरच्या मागे पाटी दिसते ना, तीही याच भाषेत बोलते. पेट्रोलच्या टँकरवर १२०३ हा यूएन क्रमांक, तिसऱ्या वर्गाची लाल चौकट, आणि वर ‘३ वाय ई’ असा संकेत. ३ म्हणजे फेस वापरा, साधं पाणी नको. वाय म्हणजे सांडलेलं वाहून नाल्यात जाऊ देऊ नका. ई म्हणजे लोकांना लांब हलवायचा विचार करा. टँकर कलंडला की डबे घेऊन धावणाऱ्यांना त्या पाटीने आधीच सांगितलेलं असतं, की जवळ येऊ नका. मी प्रत्येक गावातल्या शाळेत हे तीन संकेत शिकवावेत असं म्हणत आलोय, आणि म्हणत राहीन.

एक मर्यादाही सांगायला हवी. भोपाळचा मिथिल आयसोसायनेट वाहतुकीच्या यादीत विष आणि उपधोका ज्वलनशील, असा आहे. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री टाकीत पाणी शिरलं आणि त्यातून सगळं घडलं. पाण्याचं हे वैर चौकटीच्या रंगात दिसत नाही. म्हणून प्रत्येक रसायनासोबत सोळा भागांचं सुरक्षा माहितीपत्रक असतं, आणि मी नव्या मुलांना त्यातला दहावा भाग आधी वाचायला लावतो. काय कशाशी जमत नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. घरच्या वस्तूंचंही असं पत्रक बनवणाऱ्याकडे मागता येतं.

आता तो थर्मामीटर. घरी परत आला असेल आणि कधी फुटला, तर झाडू मारू नका आणि व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. थेंबाचे शंभर थेंब होतात आणि वाफ खोलीभर पसरते. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद. हातातल्या अंगठ्या-बांगड्या उतरवा, कारण पारा सोन्यालाही धरतो. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकमेकांकडे ढकलत नेऊन घट्ट झाकणाच्या बरणीत घ्या, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, आणि तीही बरणीतच टाका. बरणीवर ‘पारा’ लिहा. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती टाकू नका. पालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात, जुने सेल आणि सीएफएल दिवे देता तिथेच द्या. आणि पुढच्या वेळी लेकीकडे जाताना डिजिटल थर्मामीटर घ्या, तो कोणी अडवणार नाही.